लिफ्ट केलेल्या पिकअपला पुढं 'हेवी' स्प्रिंग कशाला?

घाटवाट
मत मांडतो, मग काय ठोकायचं ते ठोका. आपल्या कोल्हापुरात पिकअप लिफ्ट करायला, म्हणजे उंच करून घ्यायला नेली की पहिला प्रश्न येतो, "किती इंच?" दुसरा प्रश्न येतच नाही. दोन इंच म्हटलं की 'हेवी ड्यूटी' छापलेली स्प्रिंग पुढं बसते आणि गाडी बाहेर.

खरा प्रश्न नाकावर वजन किती हा आहे. इसुझूची व्ही-क्रॉस घ्या नाहीतर टोयोटाची हायलक्स, पुढं डबल विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे दोन हात) आणि कॉइल म्हणजे वेढ्यांची स्प्रिंग, मागं पाटे. कॉइलची उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब पण मऊ स्प्रिंग मिळते, आखूड पण कडक सुद्धा मिळते. लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) धरून काढलेली स्प्रिंग साध्या प्लॅस्टिक बंपरच्या गाडीला घातली, तर नाक आभाळात आणि साळवणच्या पुढचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. साधा बंपर असेल तर लिफ्ट घ्या, पण कडकपणा कंपनीइतका किंवा एक पायरी वर, बास.

पाणंदकर
भावा, तू गाडी फिरायला वापरतोस. आमची कागलकडं पाणंदीतनं पळती. हौद्यात खताची पोती, वर चार गडी. मऊ स्प्रिंगची गाडी ट्रॅक्टरच्या चाकोरीत घातली की पुढनं धाडकन आपटती. मी हेवीच घातल्यात आणि मला काय तक्रार न्हाई. मणका म्हणशील तर बुलेटवर बसून आधीच गेलाय.

घाटवाट
दादा, पोती हौद्यात म्हणजे ओझं मागच्या एक्सलवर. मागच्या एक्सलच्याही पलीकडं, फाळक्याकडं गेलेलं वजन तर नाक उलट उचलतं. ते पेलायला मागं पाटा वाढवा. पुढची स्प्रिंग कडक करून मागचं ओझं हलकं होत नाही.

पाणंदकर
ते कळतंय मर्दा. पण आपटतंय पुढनंच, त्याचं काय?

उद्यमनगरी
दोघंबी खर्चात पडलाय. लेथवर २५ मिमीची चकती काढायची, स्ट्रटच्या, म्हंजे स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या डोक्यावर ठेवायची, चाकापाशी दोन इंचाच्या आसपास उंची मिळती. स्प्रिंग तीच, शॉकअप तेच, बसणं कंपनीसारखं. हजारोंचं किट कशाला?

तारमोजणी
काका, चकतीचं गणित बरोबर आहे. स्प्रिंग विशबोनवर चाकापासून आत बसलेली असते, म्हणून वर २५ मिमी दिले की चाकाशी दुपटीच्या जवळ मिळतात. पण तिथंच गोम आहे. चकतीनं अख्खा स्ट्रट खाली सरकतो, म्हणजे चाक हवेत लोंबकळतं तेव्हा आधीपेक्षा तेवढंच जास्त खाली जातं. त्या टोकाला ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट आणि वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट नको इतक्या कोनात वाकतात. रस्त्यावर कळत नाही. मसाई पठाराच्या वाटेवर एक चाक उचललं आणि फोर-व्हीलमध्ये ॲक्सिलरेटर दिला की कळतं. आधी सीव्ही जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, मग जॉइंट बोलायला लागतो.

लांब स्प्रिंग घालून शॉकअप जुनाच ठेवला तर दुखणं उलटं. शॉकअप आधीच बराचसा ताणलेला राहतो, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि स्पीडब्रेकर उतरताना टक्क आवाज येतो. उंची वाढवायची तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं घ्यावेत.

आता कडकपणा. कॉइलचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १४ मिमीची तार १५ ची केली, वेढे आणि घेर तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे ३२ टक्क्यांनी कडक होते. एका मिलिमीटरचा हा प्रताप! डोळ्यांनी बघून कुणी सांगत असेल तर हात जोडा. आणि कडक स्प्रिंग परत उसळते ती जोरात, ती उसळी धरायला शॉकअपची रिबाउंडची, म्हणजे परतीची पकडही वाढवावी लागते. जुन्या शॉकअपवर हेवी स्प्रिंग म्हणजे गाडी होडीसारखी डुलणार.

पाणंदकर, तुमचं आपटणं खरं आहे. पण त्यात शॉकअपचा वाटा मोठा असतो. चाकोरीत चाक झपकन वर येतं तेव्हा शॉकअपनं अडवायचं असतं. शॉकअप थकलेले असतील तर नुसती स्प्रिंग कडक करून अर्धंच काम होतं.

पाणंदकर
अर्धं तरी झालं न्हवं?

तारमोजणी
झालं, मान्य.

मधलीसीट
एक विचारू का? सगळे गाडीबद्दल बोलताहेत. मागच्या सीटवर सासूबाई आणि मी असतो. आमच्या गाडीला किट बसवल्यापासून अंबा घाट उतरेपर्यंत सासूबाई एक शब्द बोलत नाहीत. ह्यांना वाटतं गाडी आवडली.

घाटवाट
ताई, पुढं कुठली स्प्रिंग आहे आणि बंपर कोणता?

मधलीसीट
स्प्रिंग लाल. बंपर कंपनीचा. विंच नाही, घ्यायचं चाललंय गेली दिवाळी झाल्यापासून.

पॉलिसीवाला
लाल-निळ्या स्प्रिंगच्या आधी कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही. लोखंडी बुलबारवर (बंपरवरच्या जाड गार्डवर) केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. १८२अ खाली मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, हे विसरू नका. माझं मत, लिफ्टच नको. चांगले टायर आणि डोकं, एवढ्यावर दाजीपूर होतं.

उद्यमनगरी
मग आमी काय भजी तळायची?

घाटवाट
पॉलिसीवाले साहेब, कायद्याचं ऐकलं. पण यातनं माझंच म्हणणं पक्कं होतं. बुलबार लावायचाच नसेल, तर बुलबारसाठी काढलेली स्प्रिंग कशाला?

तारमोजणी
आकडाच मांडतो. समजा स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिमी आणि चाक ते स्प्रिंग प्रमाण ०.५५, म्हणजे चाक एक मिमी हललं की स्प्रिंग ०.५५ मिमी दबते. प्रमाणाचा वर्ग धरायचा, म्हणजे चाकाशी ३० न्यूटन, ढोबळ तीन किलोला एक मिलिमीटर. ५० किलोचा बंपर एक्सलच्या पुढं लटकतो म्हणून एक्सलवर ६० च्या पुढं भार देतो, चाकाला तीसेक. नाक बसलं किती? साधारण १० मिमी. विंच धरून ९० किलो केलं तर १८-१९. एवढ्यासाठी लोक एकदम सर्वांत कडक स्प्रिंग घेतात. फक्त बंपर असेल तर मधली पुरते. दोन्ही असतील तर हेवी घ्या, मी आडवा येणार नाही.

आणि उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं कललेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग हायवेला हलकं आणि भटकं लागतं. अलाइनमेंट करताना नुसता टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून पाठवतात, तिथं अडून बसा. दोन इंचांच्या वर गेलात तर वरचे विशबोनही बदलायला लागतील, तो खर्च दुकानात आधी कुणी सांगत नाही.

पाणंदकर
आकडा ठीक हाय. पण माझ्या नाकावर किती वजन हाय हे मला कसं कळणार? घरच्या तराजूवर ठिवू?

घाटवाट
वजनकाट्यावर फक्त पुढची दोन चाकं चढवा, मागची बाहेर. टाकी भरलेली, बसणारे बसलेले. पावती घ्या आणि तो आकडा दुकानदाराला द्या. शिरोलीत एमआयडीसीच्या रस्त्याला काटे आहेत.

पाणंदकर
कारखान्याच्या काट्यावर नेऊ? जवळ पडतोय.

उद्यमनगरी
तिथं नेलीस तर मऊ स्प्रिंगच घ्यावी लागंल, वजन कमीच दाखवतील.

पाणंदकर
शिरोलीलाच जातो. पण आकडा काय बी येऊ दे, हेवी काढणार न्हाई. फार तर शॉकअप बदलीन.

मधलीसीट
घाटवाट दादा, लाल म्हणजे हेवी का?

घाटवाट
रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा. वेढ्यावर नाहीतर चिकटवलेल्या पट्टीवर पार्ट नंबर असतो. त्याचा फोटो टाका, सांगतो.