अपघात-भरपाईचा निकाल कमी लागला: अपील करायचं की पैसे उचलून मोकळं व्हायचं?

कलम१७३
"ट्रिब्युनलने (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने) दिलं ते उचला, हायकोर्टात वर्षानुवर्षं घासून काही वाढत नाही" असं काल इथं ठोकून दिलं गेलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा सल्ल्याने माणसं बुडतात. हिशोबच मांडतो.

वय ३२, गवंडी, उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र ६० टक्के. ट्रिब्युनलने उत्पन्न धरलं महिना १२,०००, अपंगत्व मनानेच ३० टक्के, गुणक (वयानुसार किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) १६. झाले ६,९१,२००. भविष्यातली उत्पन्नवाढ कुठेच नाही! सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याला ती ४० टक्के, आणि कायमच्या अपंगत्वालाही ती द्यायची हे सुप्रीम कोर्टाने नंतर सांगितलंय. ती धरून, ६० टक्क्यांनी, होतात १९,३५,३६०. एकाच बाबीत बारा लाखांहून जास्त फरक.

अपिलाची मुदत ९० दिवस. निकालाच्या नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा मिळतात, अर्ज करायला लावलेले नाहीत.

विमापक्ष
गणित बरोबर आहे. रेकॉर्डचं काय? ते ६० टक्के पायाचे की पूर्ण शरीराचे? डॉक्टर साक्षीला आला होता का? नुसतं प्रमाणपत्र निशाणी पडलं (पुराव्यात क्रमांक देऊन नोंदलं) म्हणजे टक्केवारी शाबीत झाली असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या राजकुमार निकालात हेच आहे. ट्रिब्युनलपुढे पुराव्यात राहिलेली भोकं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ खाली (अपिलात नवा पुरावा) बुजवता येत नाहीत. दावेदाराला हे आधी सांगा, मग लाखांची आशा लावा.

कलम१७३
राजकुमार अर्धाच सांगू नका. त्यात पुढचा प्रश्न आहे: या माणसाचं कमावणं किती गेलं? कारकुनाचा पाय गेला तर तो टेबलावर बसेल. गवंड्याला परांचीवर एका पायाने उभं राहून ओळंबा धरता येत नाही. त्याचं नुकसान ६० च्या वरही जाऊ शकतं. ट्रिब्युनलने ३० कुठून आणले याचं एक वाक्य निकालात नसतं, तो अपिलाचा पहिला मुद्दा.

फाईलकर
दोघंही डॉक्टरपाशी येऊन थांबताय, मग नीट बोला. ज्याने ऑपरेशन केलं तो समन्सला येत नाही, म्हणून वकील दुसऱ्याच डॉक्टरचं प्रमाणपत्र लावतात. उलटतपासात पहिला प्रश्न: "तुम्ही उपचार केले होते का?" उत्तर "नाही", आणि टक्केवारी तिथंच कोसळते. कोर्ट कमिशनर (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेला माणूस) नेमून दवाखान्यातच साक्ष नोंदवता येते. तो अर्ज कुणी देत नाही, याचा संताप येतो. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि मूळ बिलं दाखल करा, झेरॉक्स नको.

विमापक्ष
हे मान्य. पण दावेदाराने अपील करून डिवचलं की विमा कंपनीही अपील करते, मग मिळालेलंही अडकतं.

कलम१७३
ही भीती घालणं बंद करा! कंपनीला अपील करायचं असेल तर ती तशीही करते. स्थगितीसाठी साधारणपणे रक्कम कोर्टात भरायला लावतात, आणि दावेदार अर्ज देऊन त्यातला भाग काढू शकतो. खरी चूक वेगळीच. कंपनीच्या अपिलाची नोटीस आली की लोक नुसता बचाव करतात. नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन (त्याच अपिलात आपला उलट आक्षेप) टाका, तर वाढ मागता येते.

विमापक्ष
नाही टाकलं तर वाढ नाही, सुप्रीम कोर्टाच्या रंजना प्रकाश निकालात स्पष्ट आहे.

फाईलकर
महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये, क्रॉस अपील नाही म्हणून वाढ नाकारणं हे अति तांत्रिक ठरवलं.

विमापक्ष
तो निकाल आहे, नाकारत नाही. त्याच्या भरवशावर महिना घालवू नका एवढंच.

कलम१७३
यावर आपलं एकमत, नाइलाजाने का होईना. राहिलं एक: पैसे उचलल्याने अपील बुडत नाही. फक्त "हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे" अशी पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन) द्या. लोकअदालतीत तडजोडीवर सही केली, तर मात्र अपील नाही. आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबईच्या फेऱ्या धरू नयेत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे.