जर्मनीतली पोस्टिंग: मिक्सर, कुत्रा आणि लायसन्स

प्रश्न: नवरा अमेरिकन आर्मीत आहे. टेक्सासहून काइझरस्लाउटर्नला बदली झालीय, घर तळाबाहेर मिळेल. मिक्सर, राइस कुकर न्यावेत का? मुलं आणि कुत्राही सोबत आहेत, आणि तिथे गाडी चालवायचं लायसन्सही काढायचंय.

उत्तर 1: भारतातला 230 व्होल्टचा मिक्सर नक्की न्या, तिथे थेट चालतो. फक्त अर्थिंगवाला अडॅप्टर घ्या, आपली गोल तीन पिन तिथल्या सॉकेटात बसत नाही. अमेरिकन कुकर 120 व्होल्टचा, थेट लावलात तर जळेल. 1000 वॉटच्या कुकरला निदान 1500 वॉटचा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो जड असतो, तापतो. कुकर तिथेच घेतलेला बरा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेचे सेकंदाला पडणारे ठोके) नाही. विजेच्या ठोक्यावर चालणारं 60 हर्ट्झचं घड्याळ तिथल्या 50 हर्ट्झवर तासाला 10 मिनिटं मागे पडतं.

उत्तर 2: कुत्र्याला आधी 15 अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखचिप), मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. त्यानंतर 21 दिवस थांबायचं. म्हणून तिकिटाआधी हे उरका.

उत्तर 3: ताई, बदलीच्या ऑर्डरमध्ये तुमचं आणि मुलांचं नाव आहे ना, ते आजच बघा. लायसन्सच्या लेखी परीक्षेत हमखास चुकतं ते हे: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, तो गल्लीतून येत असला तरी.