रिपोर्ट लिहायला शिकवायचं कुणी? इंग्रजीच्या मॅडमनी की डिपार्टमेंटने?

पंपवाला: परवा एका कॉलेजात फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून गेलो होतो. 11 ग्रुप, 11 ब्लॅक बुकं, म्हणजे प्रोजेक्टचे बाइंड केलेले रिपोर्ट, वर सोनेरी अक्षरं, आणि आत पाच जणांचं इंट्रोडक्शन शब्द न् शब्द सारखं. एकाला विचारलं, पंपाची एफिशियन्सी 62 टक्के लिहिलीस ती काढली कशी, तर हा स्लाइडकडे बघत उभा. नंतर चहाच्या टपरीवर त्यानेच मराठीत सगळं सांगितलं, फ्लो कसा मोजला, गेज कुठं लावला, रीडिंग का हलत होतं. म्हणजे काम केलं होतं हो पोराने! माझं मत, कम्युनिकेशनचा वेगळा विषय बंद करा, तिथे रेझ्युमे आणि ग्रुप डिस्कशन सोडून काय होतं? त्यापेक्षा प्रत्येक प्रॅक्टिकलच्या 25 मार्कांतले 10 लिखाणाला ठेवा आणि तपासायचं डिपार्टमेंटच्याच सरांनी.

मास्तर_मेकॅनिकल: बोलायला काय जातंय. माझ्याकडे 22-22 च्या तीन बॅचेस, 9 प्रॅक्टिकल, म्हणजे एका विषयाचे जवळपास 600 राइटअप. सही होते तेच नशीब समजा. शिवाय आमचंच इंग्रजी दिव्य, आम्ही कुणाच्या चुका काढणार?

पंपवाला: इंग्रजी तपासा असं म्हणतंय कोण? 'रीडिंग्ज वेअर टेकन' लिहिलं की विचारा, किती घेतली, कशाने, लीस्ट काउंट काय, म्हणजे उपकरण कमीत कमी किती मोजतं. हे मॅडमना कसं विचारता येणार, त्यांचा दोष नाही तो. आणि सगळे कशाला, प्रत्येकाचे दोनच तपासा, पण लाल करून परत द्या.

चाकणकर: मी उलट बोलतो, राग नको. शॉपफ्लोअरवर प्रबंध कोण लिहितं? कस्टमर कंप्लेंट आली की 8डी रिपोर्ट, म्हणजे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडायचे, ते आम्ही नवीन पोराला सहा महिन्यात शिकवतो. कॉलेजने लिमिट्स-फिट्स, म्हणजे पार्टचं माप किती कमी-जास्त चालतं, ते तरी नीट शिकवावं, ड्रॉइंगच्या शीट जीटी मारून, म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याच्या ट्रेस करून, आलेली पोरं टॉलरन्स विचारला की वर बघतात.

निशिगंधा: सहा महिन्यात शिकतात म्हणे. कल्पना चावला होती ते कोलंबिया यान आठवतंय ना, 2003? उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला, यान वर असतानाच इंजिनियरांनी मॅनेजरांना स्लाइड्स दाखवल्या. एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर वाटावं काळजीचं कारण नाही, आणि अगदी खाली बारक्या ओळीत होतं की टेस्टमधला तुकडा 3 घन इंचाचा आणि हा अंदाजे 1920. म्हणजे 640 पट! नंतरच्या चौकशी मंडळाने टेक्निकल पेपरऐवजी स्लाइड्सवर भागवण्याच्या सवयीवर अहवालातच टीका केली.

चाकणकर: अहो मग ते तर नासाचे इंजिनियर, तुमच्या-आमच्यापेक्षा शिकलेले. तिथल्याच काहींनी यानाचे फोटो काढा म्हणून मागणी केली होती, वरच्यांनी दिले नाहीत. ऐकायचंच नसेल तर स्लाइड कितीही भारी करा.

निशिगंधा: ते मान्य. पण 640 हा आकडा शीर्षकात असता तर 'आम्हाला कळलं नाही' म्हणायची सोय उरली नसती, एवढंच म्हणतेय.

थर्ड_इयर_बीड: मी बोलू का? मी मराठी मीडियमचा. सेमिनारला उभा राहिलो की मागचे दोघं आधीच हसायला तयार असतात, मग स्लाइड वाचून दाखवणं सेफ वाटतं. 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मराठी धरून 8 भारतीय भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिली ना, मग पहिला सेमिनार मराठीत देऊ द्या, दुसरा इंग्रजीत. टपरीवरचा पोरगा मीच असू शकतो सर.

पंपवाला: हे मला सुचलं नव्हतं. मी एक्स्टर्नल असलो तर चालवून घेईन, बाकीच्यांचं माहीत नाही.

मास्तर_मेकॅनिकल: चालवा, चालवा. मी दोन-दोनचा हिशोब केला, 132 होतात. परत लिहून आणले की 264. शुक्रवारी सबमिशन आहे.