नवीन घराचे मीटर यायचे आहे, सूर्यघरचा अर्ज कधी टाकावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
गावठाणात घर बांधतो आहे. स्लॅब झाला, आतले प्लास्टर सुरू आहे. बांधकामासाठी तात्पुरते कनेक्शन घेतले आहे. जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा उतारा) वडिलांच्या नावावर, जुन्या घराचे मीटर अजून आजोबांच्या नावावर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून (गच्चीवरच्या सोलरला केंद्राचे अनुदान) ३ किलोवॅट सोलर आणि अंघोळीच्या पाण्याला सोलर हीटर, दोन्ही करायचे आहे. दुकानदार म्हणतो, पॅनेल आता चढवून घ्या, अर्ज मागून होतो. खरे आहे का? हीटरचा अर्ज वेगळा भरावा लागतो का?

उत्तर १ (विद्युत ठेकेदार, अमरावती)
भाऊ, पॅनेल आधी आणि अर्ज मागून, हे मुळीच करू नका. सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणीच महावितरणच्या १२ अंकी ग्राहक क्रमांकावर होते आणि तो घरगुती वापराच्या कायम जोडणीचा लागतो. बांधकामाच्या मीटरवर अनुदान नाही. म्हणून दिवस गृहप्रवेशापासून मोजू नका, मीटरपासून मोजा.

आतली वायरिंग, मेन बोर्ड आणि अर्थिंग झाले की परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट घेऊन लगेच ए-१ (नवीन वीजजोडणीचा) अर्ज भरा. बाहेरचे प्लास्टर, रंग, फरशी यांच्यासाठी थांबू नका. लाइन वाढवावी लागत नसेल तर ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायचा नियम आहे. खांब लांब असेल तर आधी अंदाजपत्रक निघते, मग काम होते, आणि खरा वेळ तिथेच जातो. खांबापासूनचे अंतर आजच मोजून ठेवा.

ए-१ मध्ये मंजूर भार ३ किलोवॅट लिहा. दोन दिवे-पंख्यांचा हिशोब करून लोक १ किलोवॅट लिहितात आणि पुढे सोलरसाठी भारवाढीचे काम मागे लागते.

नावाचे आत्ताच ठरवा. नमुना ८ वडिलांचा आहे, तर मीटर, सूर्यघरचा अर्ज आणि बँक खाते तिन्ही त्यांच्याच नावाने ठेवा. आजोबांचे मीटर नवीन घरात आणायच्या भानगडीत पडू नका. त्याला आधी वारसांची संमती, मग नावबदल, मग स्थलांतर. नवीन जोडणी त्याआधी मिळते. पहिले बिल आले की नावाचे स्पेलिंग आधार आणि पासबुकाशी जुळवून पाहा. एका अक्षराचा फरक असला तरी पुढे पैसे अडकू शकतात. दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

उत्तर २ (सोलर बसवणारे, वर्धा)
वरचे सगळे बरोबर. पुढचा क्रम असा: पहिल्या बिलावर पोर्टलवर अर्ज, मंजुरी (१० किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही), पोर्टलच्या यादीतला विक्रेता निवडणे, उभारणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे), महावितरणची पाहणी, कार्यान्वयन (सोलर सुरू झाल्याचे) प्रमाणपत्र, आणि शेवटी अनुदानाची मागणी. ही शेवटची पायरी पोर्टलवर बँक तपशील आणि रद्द केलेला चेक टाकून स्वतः भरावी लागते. पॅनेल सुरू होऊन महिने झाले तरी पैसे नाहीत म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मागणीच नोंदलेली नसते.

अनुदान पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही मोठे बसवा, रक्कम तीच. हे पैसे काम झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतात, म्हणून विक्रेत्याला द्यायची पूर्ण रक्कम किंवा बँकेचे कर्ज आधीच तयार ठेवा. योजना २०२६-२७ अखेरपर्यंत मंजूर आहे. शेवटच्या तिमाहीवर भरवसा ठेवू नका.

पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले, असेच लागतात. दुकानदार आता जे चढवायला सांगतो त्यात स्वस्त बिगर-डीसीआर माल असू शकतो आणि त्यावर अनुदान शून्य. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक डीसीआर प्रमाणपत्रावरच्या यादीशी ताडून मगच वर चढवू द्या.

प्रश्नकर्ता
मग मीटर येईपर्यंत गच्चीवर काहीच करायचे नाही? आणि आमच्याकडे वीज सारखी जाते. तेव्हा सोलर चालेल का?

उत्तर २
साधा ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर वीज गेली की बंदच पडतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो. चालू हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल. बॅटरीमुळे अनुदान वाढत नाही.

उत्तर ३ (बांधकाम पर्यवेक्षक, नागपूर ग्रामीण)
गच्चीवर उलट आत्ताच काम आहे. वॉटरप्रूफिंगच्या आधी पॅनेलच्या स्ट्रक्चरच्या पायांखाली काँक्रीटचे ठोकळे अँकर बोल्टसह ओतून घ्या. नंतर स्लॅबला भोके पाडली की पहिल्याच पावसाळ्यात गळती लागते. ठोकळे हलके ठेवू नका, वैशाखातल्या वावधानात पॅनेल उचलले जाते. ३ किलोवॅटला ५४५ वॅटचे ६ पॅनेल बसतात, साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा धरा. तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेकडे ठेवा, दक्षिणेकडे असली तर थंडीच्या दिवसांत सावली थेट पॅनेलवर पडते.

प्लास्टरमध्येच गच्चीपासून मीटरच्या भिंतीपर्यंत २५ मिमीचे दोन पाइप टाका, एक डीसी (पॅनेलकडून येणाऱ्या) केबलला, एक अर्थिंगला. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी, एसी (इन्व्हर्टरनंतरची घरची वीज) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा तडितरोधक. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, म्हणून खड्ड्यात अर्थिंग कंपाउंड भरा आणि वर पाणी घालायची नळी ठेवा.

हीटर सूर्यघरमध्ये येत नाही. त्याचे केंद्राचे अनुदान २०१४ सालीच बंद झाले, तेव्हा अर्ज भरायचाच नाही आणि मीटरसाठी थांबायचेही नाही. मात्र बाथरूमपर्यंतचा गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप आत्ताच भिंतीत टाका. बोअरचे पाणी जड असेल तर आत तांब्याच्या नळ्या असलेल्या हीटरमध्ये क्षार साचून प्रवाह अडतो. काचेच्या नळ्यांचा साफ करणे सोपे.

उत्तर ४ (ग्रामपंचायत कर्मचारी, बुलढाणा)
हे घर प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यातले असेल तर आणखी एक बघा. राज्याने २०२५ मध्ये दिलेल्या ५०,००० रुपयांच्या वाढीपैकी ३५,००० बांधकामाला आणि १५,००० सूर्यघरमधल्या १ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी आहेत. सोलर बसवले नाही तर ते १५,००० मिळत नाहीत. घरकुल ज्याच्या नावावर मंजूर आहे, मीटरही त्याच्याच नावाने घ्या. ए-१ भरण्याआधी ग्रामसेवकाकडून मंजुरीपत्रावरचे नाव बघून घ्या.