वेस्टलेक, स्टार्क आणि टकर को

टोपणनावं म्हणजे हलकं लेखन लपवायची सोय, असं काहीजण म्हणतात. अमेरिकन गुन्हेकथाकार डोनाल्ड वेस्टलेकच्या उमेदवारीच्या काळापुरतं ते खरं आहे. पोटापाण्यासाठी त्याने ॲलन मार्शल या नावाने चावट पेपरबॅक लिहिली. पण रिचर्ड स्टार्क या त्याच्या दुसऱ्या टोपणनावाला त्या रांगेत बसवणं अन्याय आहे.

स्टार्कच्या नावाने आलेल्या १९६२ च्या ‘द हंटर’ या कादंबरीच्या आधीच्या खर्ड्यात तिचा नायक, दरोडेखोर पार्कर, शेवटी पकडला जात होता. पॉकेट बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने विचारलं, याला निसटू दिलंस तर वर्षाला तीन लिहिशील का? मालिका उभी राहिली ती अशी.

स्टार्कची भाषा बघा. सुरुवातीच्या बहुतेक पुस्तकांचं पहिलंच वाक्य ‘जेव्हा’ने सुरू होतं आणि आपण थेट प्रसंगात जाऊन पडतो. भावनांचा पसारा नाही, विशेषणं मोजकीच. मग पुढे एकच रत्न पुन्हापुन्हा चोरावं लागतं, असं कथानक त्याला पार्करसाठी सुचलं. लिहिता लिहिता ते विनोदी व्हायला लागलं आणि पार्करला काही केल्या शोभेना. त्यातून डॉर्टमंडर हा कमनशिबी चोर जन्मला, १९७० साली, वेस्टलेकच्या खऱ्या नावाने. १९७४ नंतर तर स्टार्क गप्पच झाला, तो थेट १९९७ मध्ये परतला. नुसता बुरखा असता तर हवा तेव्हा चढवता आला असता!

टकर को या त्याच्या आणखी एका टोपणनावाच्या पाच कादंबऱ्याही जरूर वाचा. अपराधी भावनेने पोखरलेला माजी पोलीस मिच टोबिन घरामागे एकट्याने भिंत बांधत बसतो. मला तो पार्करपेक्षाही जवळचा वाटतो.