ग्रंथपेटीतली सरमिसळ : विषयवार लावावी की आहे तशी ठेवावी?

प्रेषक : ग्रंथपेटी सांभाळणारा सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळातले एक जुने कुटुंब ओहायो सोडून कायमचे पुण्याला परतले. जाताना त्यांनी इतक्या वर्षांत साठवलेली पुस्तके आणि चित्रपटांच्या डीव्हीडी मंडळाच्या स्वाधीन केल्या. ती तीन खोकी सध्या आमच्या तळघरात वॉशिंग मशीनच्या शेजारी आहेत. कार्यकारिणीने मला त्यांची विषयवार यादी करायला सांगितले. त्याप्रमाणे मी मागच्या शनिवारी वही घेऊन बसलो आणि पहिल्याच खोक्यात अडकलो.

सर्वांत वर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ होते. त्याला प्लास्टिकचे कव्हर आहे, अनारशांचे पान पाकाने मागच्या पानाला चिकटले आहे आणि समासात पेन्सिलीने ‘इथला कप आपल्या वाटीपेक्षा मोठा’ असे लिहिले आहे. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने मापे वाटी-चमच्यात दिली, त्यामुळे परदेशी आलेल्या मुलांनाही तराजूवाचून स्वयंपाक साधला. ती वाटी नेमकी केवढी, हा प्रश्न मात्र कपांच्या देशात आल्यावरच पडतो. त्याच्या खाली विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, त्याखाली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, मग दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि तळाशी जी. ए. कुलकर्णी यांनी अनुवादलेली ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही तीन पुस्तके निघाली. पुस्तकांच्या फटींतून चित्रपट खोचलेले होते : ‘संत तुकाराम’, ‘श्यामची आई’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘श्वास’. यांना एका सूत्रात बांधणारा विषय मला काही सापडला नाही.

तरीही वर्गवारी सुरू केली. ‘माझा प्रवास’ इतिहासात घातला आणि ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रात. दोन्ही पुस्तके कपाटाच्या दोन टोकांना गेली आणि तेथेच मला चुकल्यासारखे वाटले. वरसईचे गोडसे भटजी मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले, नेमके बंडात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला आणि अखेर दक्षिणेऐवजी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी पोहोचले. त्यांची ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापली. आता ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातीची पाने उघडून पाहावीत. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्याच बंडात फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे असे खूळ शिरले की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात येईना. एका पुस्तकात बंड रस्त्यावर दिसते, दुसऱ्यात तेच बंड पुढे कित्येक वर्षे एका घराच्या न्हाणीत आणि स्वयंपाकघरात चालू असते. ज्यांनी ही खोकी भरली त्यांनी ही दोन पुस्तके एकावर एक ठेवली होती, ती मुद्दाम ठेवली होती की योगायोगाने, हे विचारायला आता ते येथे नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी की विषयवार लावण्याचा विचार सोडून द्यावा. यादी अकारविल्हे करावी आणि कपाट खोक्यांतल्या क्रमाने भरावे.

चित्रपटांविषयी एक सूचना. भारतातून आणलेल्या डीव्हीडीपैकी काही येथील साध्या यंत्रावर लागत नाहीत, कारण त्यांच्यावर ५ क्रमांकाच्या विभागाचे बंधन आहे आणि येथील यंत्र १ क्रमांकाचे आहे. शिवाय चित्राची पद्धतही वेगळी, तिकडे पाल आणि इकडे एनटीएससी. ‘संत तुकाराम’ माझ्या संगणकावर नीट लागला. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग ऐकून जीव सुखावला. ‘जैत रे जैत’ची मात्र दोन सीडींपैकी पहिलीच आहे, दुसरी कोणाकडे राहिली असल्यास कृपया परत करावी.

आपला,
ग्रंथपेटीवाला


प्रेषक : मराठी शाळेच्या शिक्षिका

नमस्कार दादा,

आपण एवढी मेहनत घेत आहात याबद्दल आभार, परंतु आपल्या विनंतीशी मी सहमत नाही. कपाट खोक्यातल्या क्रमाने भरले तर त्याचा उपयोग फक्त ज्याने खोके उघडले त्यालाच होतो. रविवारी शाळा सुटल्यावर पालकांकडे जेमतेम दहा मिनिटे असतात. मुलाला घेऊन पाहता येईल असा चित्रपट कोणता आणि आजींना वाचायला काय न्यावे, हे त्यांना कपाटासमोर उभे राहिल्याबरोबर कळायला हवे. ‘श्यामची आई’ आणि ‘सिंहासन’ शेजारी ठेवल्याने कोणाचे भले होणार आहे? एकात आचार्य अत्रे आईच्या हातून मुलाला पोहायला शिकवतात, दुसऱ्यात अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल मुख्यमंत्र्याची खुर्ची खालून कशी पोखरली जाते ते दाखवतात. दोन्ही उत्तम आहेत, पण आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दुसरा चित्रपट गेला तर पुढच्या रविवारी मलाच उत्तरे द्यावी लागतात.

दुसरे असे की जागा एकाच कपाटापुरती आहे. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांची भाषांतरे आहेत. मूळ पुस्तके येथील सार्वजनिक ग्रंथालयात फुकट मिळतात. अमेरिकेत बसून अमेरिकन कादंबरी मराठीतून वाचण्याचा द्राविडी प्राणायाम कोण करणार? या तीन पुस्तकांची जागा बालसाहित्याला द्यावी असे मी सुचवते.

‘श्वास’ कोणत्या कप्प्यात घालावा याबद्दल मात्र माझाही निर्णय होत नाही. कौटुंबिक म्हणावा की आरोग्यविषयक?

आपली,
शाळेची बाई


प्रेषक : मंडळातील एक डॉक्टर

सर्वांना नमस्कार.

‘श्वास’चा उल्लेख आला म्हणून लिहिते. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा प्रशिक्षण घेत होते, आणि तेव्हा मला तो पुरता पाहवला नाही. कोकणातले आजोबा नातवाला पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, आणि हे मुलाला सांगायचे कोणी, एवढीच त्याची गोष्ट आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा कोणाला न सांगता त्याला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात, कारण जे काही पाहायचे ते त्याने आजच पाहायचे असते. संदीप सावंत यांचा हा २००४ सालचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी मराठीला मिळाले ते याच चित्रपटामुळे. बाईंनी कप्प्यांचा प्रश्न काढलाच आहे, तर हे दोन चित्रपट शेजारी ठेवायला माझी हरकत नाही.

परंतु मला सांगायचे आहे ते वेगळे. या रोगाचे नाव रेटिनोब्लास्टोमा. तो बहुतेक करून पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो आणि पुष्कळदा तो प्रथम दिसतो घरच्या छायाचित्रात. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली नेहमीसारखी लाल दिसते आणि दुसरी मात्र पांढुरकी, मांजराच्या डोळ्यासारखी चमकते. असे दिसले म्हणजे हाच रोग आहे असे नव्हे, कोनामुळे किंवा दुसऱ्या कारणानेही तसे होते. पण त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण लवकर सापडला तर जीव तर वाचतोच, आता अनेकदा डोळाही वाचतो. आपल्या गणपतीच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत मुलांचे शेकडो फोटो निघतात. ‘श्वास’ दाखवायचा ठरला तर चित्रपटानंतर पाच मिनिटे मला द्यावीत, एवढे मी सांगेन.

आपली स्नेहांकित,
डॉक्टर वहिनी


प्रेषक : मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य

चि. ग्रंथपेटीवाले यांस अनेक आशीर्वाद.

आपल्या पहिल्या पत्रातील एक चूक दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटासाठी तो शांताराम आठवले यांनी लिहिला, आणि तो इतका बेमालूम उतरला की भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला. आपण फसलात यात कमीपणा नाही, आठवल्यांना याहून मोठी पावती मिळणार नाही. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचे कौतुक सगळेच करतात. आपण पुन्हा पाहाल तेव्हा गौरीबाईंची जिजाई पाहावी. मूल आजारी पडल्यावर पायातले खेटर उगारून विठोबाला जाब विचारायला निघालेली ती बाई, आणि शेवटी नवरा विमानात बसून वैकुंठाला जात असता संसार सांभाळायला जमिनीवरच राहणारीही तीच. पहिल्यांदा हा चित्रपट पाहून माझी आई म्हणाली होती की खरा तुकाराम जिजाईच होती. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनाही तसेच वाटत असावे असा मला पुष्कळ वर्षे संशय आहे.

कपाटाच्या वादात मी पडत नाही. वरच्या कप्प्यातले पुस्तक माझ्या हाताला येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

शुभचिंतक,
काका


प्रेषक : ग्रंथपेटी सांभाळणारा सदस्य

काका, आपली दुरुस्ती शिरसावंद्य. वहीत आठवल्यांचे नाव लिहून घेतले आहे, आणि आपली पुस्तके मधल्या कप्प्यात राहतील. वहिनी, आपली पाच मिनिटे नक्की. प्रदर्शनाची तारीख सभागृह मिळाल्यावर कळवतो. बाई, मुलांच्या हाती काय पडावे याबद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. खालचा कप्पा मुलांसाठी वेगळा ठेवू आणि ‘सिंहासन’ सर्वांत वर, म्हणजे काका आणि मुले दोघांपासूनही सुरक्षित राहील.

‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ मात्र काढू नयेत, असा माझा आग्रह आहे. ही अमेरिकन कादंबरी आहे हे खरे, पण ती अमेरिकेत इतरत्र कोठेही न घडता ओहायोत घडते, म्हणजे आपण जेथे राहतो तेथे. पेनसिल्व्हेनियातून निघालेले लकेट कुटुंब एका उंचवट्यावर येऊन पोहोचते. थोरली मुलगी सेवर्ड खाली पाहते आणि क्षणभर तिला वाटते की बापाने आपल्याला समुद्रावर आणले, खाली मावळतीच्या उन्हात पाणी चमकते आहे. मग तिच्या ध्यानात येते की ते पाणी नसून झाडांचे शेंडे आहेत, नजर पोहोचेल तेथपर्यंत. वसाहती होण्यापूर्वी ओहायोची सुमारे ९५ टक्के जमीन जंगलाखाली होती हे मी कोठेतरी वाचले होते, पण कोलंबसहून सिनसिनाटीला जाताना दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन पाहून त्यावर माझा विश्वास कधी बसला नव्हता. तो ‘रान’ वाचल्यावर बसला.

मूळ पुस्तक ग्रंथालयात मिळते हेही खरे. मी ते आणले होते. ते त्या काळच्या रानवस्तीतल्या बोलीत लिहिलेले आहे, आणि येथे बावीस वर्षे इंग्रजीतच नोकरी केलेला मी तिसऱ्या पानावर अडखळलो. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. एं.नी ती वाट आपल्यासाठी मोकळी करून ठेवली आहे, त्यामुळे प्राणायाम द्राविडी असला तरी दमछाक कमी होते. आणि नावांकडे पाहावे : रान, मग शिवार, मग गाव. पहिल्या भागात झाड हे वैरी, कारण त्याने ऊन अडवलेले आणि सेवर्डच्या धाकट्या बहिणीला, सुलीला, कायमचे गिळलेले. जंगल तुटते, शेत होते, शेताचे शहर होते. तिसऱ्या भागाला १९५१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्यात म्हातारी झालेली सेवर्ड दारात मुद्दाम झाडे लावून घेते.

आता याच खोक्यात ‘बनगरवाडी’ होती. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा भरू लागते, लोक तालीम बांधतात, आणि मग पाऊस पडत नाही. एकेक घर मेंढरे घेऊन निघून जाते, शेवटी वाडी ओस पडते आणि शिकवायला कोणी उरत नाही म्हणून मास्तरही निघतो. एका पुस्तकात गाव वसते, दुसऱ्यात गाव उठते. एक ओहायोतले, एक माणदेशातले. विषयवार लावले तर एक ‘अनुवादित’मध्ये जाईल आणि एक ‘ग्रामीण’मध्ये, आणि दोन्ही नेणारा वाचक वेगळा असेल. ही चार पुस्तके मी एका रबरबँडने बांधून मधल्या कप्प्यात ठेवली आहेत. कोणाला त्यांतले एकच हवे असल्यास जरूर न्यावे, पण रबरबँड परत लावावा.

बाई, आपण म्हणता तशी विषयवार यादी मी तरीही करतो आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवू. ‘रुचिरा’ आमच्याच घरी राहिले आहे, कारण अनारशांचे पान वाफेवर धरून सोडवण्याचा प्रयत्न सुरू आहे. ‘जैत रे जैत’ची दुसरी सीडी अजून आलेली नाही. त्यातला नाग्या मधमाश्यांच्या पोळ्याकडे बघत उभा आहे आणि पुढे काय झाले ते आमच्या मुलीला तीन आठवडे कळलेले नाही, तरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी शाळेत आणून द्यावी.

आपला,
ग्रंथपेटीवाला