मदत हवी आहे: घरी गाणं रेकॉर्ड करायला कोणता माइक आणि कोणता इंटरफेस?

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका खोलीत गाणं रेकॉर्ड करायची सोय करते आहे. मुख्य काम गळ्याचं, अधूनमधून सोबतीला हार्मोनियम. पॉडकास्टसाठी कोणता माइक घ्यावा यावर भरपूर वाचायला मिळतं, पण बोलणं आणि गाणं यांत फार फरक आहे. बोलताना आवाजाची पातळी साधारण एकसारखी असते. गाताना मंद्रातला आलाप नुसत्या श्वासाइतका हलका असतो, आणि तार सप्तकात आवाज मोकळा सुटला की मीटर लगेच लाल होतो. हा सगळा पल्ला नीट पकडणारी जोडी मला हवी आहे.

खोली लहान आणि चौकोनी. एका भिंतीला खिडकी, समोरच्या भिंतीला कपड्यांचं कपाट, फरशी उघडी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की तिच्या मागून बारीक झणझणाट ऐकू येतो. छताचा पंखा बंद ठेवता येईल, लॅपटॉपचा मात्र चालूच राहणार.

यूएसबी माइक नको हे ठरलंय. हार्मोनियमला दुसरा माइक लावायचा तर दोन यूएसबी माइक एकाच वेळी चालवणं किचकट होतं, कारण प्रत्येकाचं घड्याळ स्वतंत्र चालतं. म्हणजे एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचा) माइक आणि दोन माइक इनपुट असलेला इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

अडलंय ते माइकच्या जातीपाशी: डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, की कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा पण जास्त संवेदनशील. "खोली चांगली नसेल तर कंडेन्सर घेऊ नका, डायनॅमिक घ्या, तो खोलीचा आवाज उचलत नाही" हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यात शुअर एसएम७बीचं नाव हमखास येतं. पण आकडे पाहिले तर त्याची संवेदनशीलता उणे ५९ डीबी आहे (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका माइक जास्त ऐकतो), आणि त्याला निदान ६० डीबी गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागते असं सांगतात. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा साधा कंडेन्सर, त्याची उणे ३७. म्हणजे सरळ २२ डीबीचा फरक! स्कारलेट टू-आय-टू या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत माइकचा गेन ५६ डीबीपर्यंतच जातो, चौथ्या पिढीत ६९ पर्यंत. मग माझ्या हलक्या आलापाला डायनॅमिक लावला तर गेन शेवटापर्यंत फिरवून नुसती सरसर ऐकत बसावं लागेल का? क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लावून साधारण २५ डीबी वाढतात, पण मग खर्च आणि जोडण्या दोन्ही वाढतात.

तर प्रश्न असे: डायनॅमिक खरंच खोलीचा आवाज कमी घेतो का? आणि माइक कुठल्याही जातीचा असो, माझ्या खोलीत आधी काय करायला हवं? ज्यांनी स्वतः गाऊन रेकॉर्ड केलंय त्यांचं मत विशेष हवं आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका योग्य आहे. डायनॅमिक माइकला खोली आणि गळा यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही गोष्टी कमी ऐकतो, आणि गेन वाढवला की दोन्ही परत वर येतात. दोन्ही माइक कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर गळ्याच्या तुलनेत खोली जवळपास तितकीच येते. डायनॅमिक स्वच्छ वाटतो, कारण लोक तो ओठांशी धरतात आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतात.

खरा खेळ अंतराचा. अंतर निम्मं केलं की गळा ६ डीबीने वाढतो आणि खोलीचा गुंजारव होता तिथेच राहतो. ६० सेंटिमीटरवरून १५ वर आलात तर १२ डीबी मिळतात, आणि त्याला कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

पण गाणाऱ्याला जवळ येण्याची किंमत मोजावी लागते, हे फारसं कोणी सांगत नाही. १५ सेंटिमीटरवर असताना मान डोलावून ५ सेंटिमीटर पुढे आलात तर पातळी साडेतीन डीबीने उडी मारते. ३० वर असताना तेवढंच पुढे आलात तर दीड डीबी. शिवाय फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. म्हणून २० सेंटिमीटरच्या आसपास पॉप फिल्टर (प-फ चे फटके अडवणारी जाळी) लावा आणि त्याच्या पुढे यायचं नाही असं स्वतःला बजावा. इंटरफेसवर किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापा, बाईच्या गळ्याचं त्यात काही जात नाही.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत. मी कंडेन्सर घ्या असंच म्हणेन. एटी२०२०चा स्वतःचा आवाज, म्हणजे माइकची मूळची सरसर, २० डीबी, रोड एनटी१-एचा ५ डीबीए. कागदावर फरक मोठा आहे, पण खोलीचीच शांतता ३० डीबीच्या वर असेल तर तो बराचसा झाकला जातो. तेव्हा कमी नॉइजच्या आकड्यामागे धावण्याआधी लॅपटॉप लांब न्या, आणि माइकची पाठ त्याच्याकडे करा. कार्डिऑइड पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो.

झणझणाटासाठी पातळ फोम भिंतीला चिकटवू नका. तो फक्त वरचे स्वर खातो आणि खोली आणखी कोंदट वाटते. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला थेट दिसते. म्हणून कपाटाची दारं उघडून, कपड्यांकडे पाठ करून उभ्या राहा. फरशीवर जाड सतरंजी घाला, आणि खिडकीवर जाड पडदा.

इंटरफेस घेताना डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न फिरवता आवाज थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय) आहे ना, हे बघा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांनी घेतो तो एक तुकडा) म्हणजे एका बाजूचे ५ मिलिसेकंद, जातायेताचे मिळून १० च्या पुढे. स्वतःचा आवाज एवढा उशिरा कानात आला की सुरावरची पकड सुटते. हेडफोन बंद पाठीचे घ्या, नाहीतर कानात लावलेला तानपुरा त्यातून गळून माइकमध्ये शिरतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डोलण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला, मी आलापात खूप डोलते. मग कंडेन्सर, २० ते २५ सेंटिमीटर अंतर, आणि पाठीशी कपाट. फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी वीज) ४८ व्होल्ट दोन्ही इनपुटला देणारा इंटरफेस बघते.

एकच राहिलं: हार्मोनियम मीच वाजवत गाणार असेन तर ती गळ्याच्या माइकमध्ये येणारच ना?

प्रतिसाद १

येणार, पण कमी करता येते. गळ्याचा माइक तोंडाच्या थोडा खाली ठेवून तिरका वर, ओठांकडे वळवा. मग त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते. पेटीचा माइक पेटीच्या जवळ, आणि दोन माइकमधलं अंतर त्याच्या पेटीपासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना गळा पोकळ वाटला, तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटी करून बघा. आणि गाणं ठरलेल्या चालीचं असेल तर पेटी आधी वेगळी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकत गाणं सगळ्यात सोपं. आलापाला मात्र तसं करू नका, तिथे हात आणि गळा एकत्रच चालायला हवेत.